डब्यावरचे आकडे आणि चमच्यातला शेवगा

किराणा दुकानाच्या ज्या फळीवर पूर्वी त्रिफळा चूर्ण आणि इसबगोल असायचे, तिथे गेल्या काही वर्षांत शेवग्याच्या पानांच्या हिरव्या भुकटीची पाकिटे आणि बरण्या येऊन बसल्या आहेत. संत्र्याच्या सातपट जीवनसत्त्व क, दुधाच्या सतरापट कॅल्शियम, पालकाच्या पंचवीसपट लोह, दह्याच्या नऊपट प्रथिने असे ठळक अक्षरांत छापलेले असते आणि बहुतेक गिऱ्हाईक ते वाचूनच पाकीट उचलते. शेवगा ही मुळात फार चांगली भाजी आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. मात्र ज्या वस्तूसाठी आपण पैसे मोजतो ती त्या आकड्यांना कितपत जागते, हे तपासावे, म्हणून तीन प्रकारचा माल घरात आणून वापरला: शहरातल्या मोठ्या दुकानात मिळणारी देखणी बरणी, जिल्ह्याच्या प्रदर्शनातून घेतलेले एका महिला बचत गटाचे साधे पाकीट आणि औषधांच्या दुकानातल्या कॅप्सूल. उत्पादकांची नावे देत नाही, कारण पुढे येणारे बहुतेक गुणदोष एका कंपनीचे नसून या साऱ्या मालाचे आहेत.

प्रथम रंग आणि वास. बचत गटाची भुकटी गर्द हिरवी होती आणि पाकीट फोडताच कसुरी मेथीच्या जवळ जाणारा, किंचित उग्र वास आला. बरणीतली भुकटी पिवळसर, खाकीकडे झुकलेली होती आणि तिला वाळक्या गवताखेरीज दुसरा वास नव्हता. हा फरक केवळ डोळ्यांना जाणवणारा नाही. शेवग्याचा पाला उन्हात वाळवला किंवा वाळल्यानंतर महिनोन्‌महिने उजेडात ठेवला, की त्यातले हरितद्रव्य विटते आणि त्याच्याबरोबर बीटा कॅरोटीनही, म्हणजे ज्यापासून शरीर जीवनसत्त्व अ तयार करते तो घटकही, नष्ट होत जातो. म्हणून जाणकार उत्पादक पाला स्वच्छ धुऊन, सावलीत किंवा कमी तापमानाच्या यंत्रात वाळवतात आणि उजेड आत शिरू न देणाऱ्या पाकिटात भरतात. माझी महागडी बरणी पारदर्शक होती आणि दुकानात ती ट्यूबलाइटच्या थेट उजेडात मांडलेली होती. माल दिसावा ही विक्रेत्याची हौस समजण्यासारखी आहे, पण या मालाला ती बाधते.

चवीचेही तसेच. चिमूटभर भुकटी नुसती जिभेवर ठेवली तर आधी वाळलेल्या पाल्याची तुरट चव येते आणि क्षणभराने मागून मुळ्यासारखा हलका झणका येतो. मोहरी, मुळा आणि शेवगा ही वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने एकाच गणातली मंडळी आहेत. पान चिरडले की त्यातल्या ग्लुकोसिनोलेट नावाच्या संयुगांपासून तिखट द्रव्ये तयार होतात आणि हा झणका त्यांचाच असतो. शेवग्याच्या आरोग्यगुणांवरचे बरेचसे संशोधनही याच द्रव्यांभोवती फिरते. बचत गटाच्या भुकटीत हा झणका स्पष्ट होता, बरणीत जवळजवळ नव्हता. बोटांच्या चिमटीत चोळून पाहिल्यावर मात्र बचत गटाची भुकटी थोडी चरचरीत लागली, म्हणजे पानांबरोबर काड्याही दळल्या गेल्या असाव्यात. बरणीतली भुकटी मैद्यासारखी मऊ होती. काड्या दळल्याने वजन आणि चोथा वाढतो, पोषण वाढत नाही. तेव्हा बचत गटाच्या महिलांनी पाला निवडताना आणखी थोड्या काळजीने काड्या बाजूला टाकल्या, तर त्यांच्या मालाला तोड राहणार नाही.

आता आकडे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भारतीय अन्नघटकांच्या तक्त्यानुसार शेवग्याच्या १०० ग्रॅम ताज्या पानांत सुमारे ६.४ ग्रॅम प्रथिने, ३१४ मिलिग्रॅम कॅल्शियम, ४.५ मिलिग्रॅम लोह, १०८ मिलिग्रॅम जीवनसत्त्व क आणि ८ ग्रॅम तंतुमय पदार्थ असतात. पालेभाजीसाठी हे आकडे खरोखरच उत्तम आहेत. विशेषतः इतकी प्रथिने आपल्या रोजच्या पालेभाज्यांत सहसा सापडत नाहीत. या ताज्या पानांत सुमारे तीन-चतुर्थांश पाणी असते. ते काढून टाकले की साधारण चार किलो पाल्याची एक किलो भुकटी होते आणि उष्णतेने वा उजेडाने नष्ट न होणारा प्रत्येक घटक वजनाच्या हिशेबात आपोआप चौपट दिसू लागतो. भुकटीच्या पाकिटांवर १०० ग्रॅममागे २५ ते २७ ग्रॅम प्रथिने, २००० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि २८ मिलिग्रॅम लोह असे जे आकडे छापलेले असतात, त्यांतला मोठा भाग या वाळवण्याचा आहे. आपल्या तक्त्यातले ३१४ चौपट केले तरी १२६० च्या पुढे जात नाही, म्हणजे २००० हा आकडा वरच्या टोकाचाच म्हणायला हवा. पण पान जून की कोवळे, जमीन कशी, यांवर कॅल्शियमचे प्रमाण बरेच बदलते. म्हणून पुढच्या हिशेबात मी उत्पादकाचा आकडा आहे तसाच मान्य करून चालतो.

पालकाच्या पंचवीसपट लोह हा दावा याच जागी उघडा पडतो. एका बाजूला वाळवलेला शेवगा आणि दुसऱ्या बाजूला नव्वद टक्के पाणी असलेला ओला पालक, अशी ही तुलना आहे. त्याच तक्त्यात १०० ग्रॅम पालकात सुमारे ३ मिलिग्रॅम लोह आहे. पालक वाळवून त्याची भुकटी केली तर तिच्यातही १०० ग्रॅममागे ३० मिलिग्रॅमच्या आसपास लोह भरेल, म्हणजे शेवगा आणि पालक बरोबरीत येतात. दुधाचेही तेच. सायविरहित दुधाच्या भुकटीत १०० ग्रॅमला १२०० मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम आणि सुमारे ३५ ग्रॅम प्रथिने असतात. त्या भुकटीशी तुलना केली तर कॅल्शियममध्ये शेवगा पुढे राहतो, पण सतरापट नव्हे, दीडपट. प्रथिनांत तर तो मागेच पडतो.

यापुढचा प्रश्न अधिक साधा आहे: १०० ग्रॅम भुकटी खातो कोण? माझ्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर चहाचा सपाट चमचा अडीच ग्रॅमच्या आसपास भरला. पाकिटावर दिवसाला एक ते दोन चमचे घ्या असे लिहिलेले आहे, तेव्हा आपण दोन चमचे, म्हणजे ५ ग्रॅम, धरू. त्यातून उत्पादकाच्याच आकड्यांनुसार १०० मिलिग्रॅम कॅल्शियम, १.४ मिलिग्रॅम लोह आणि सव्वा ग्रॅम प्रथिने मिळतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशींनुसार प्रौढाला दिवसाला १००० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि प्रौढ स्त्रीला २९ मिलिग्रॅम लोह लागते. म्हणजे कॅल्शियमची एक दशांश आणि लोहाची विसावा हिस्सा गरज भागली. शिवाय वनस्पतीतले लोह अंगी लागण्याचे प्रमाण कमीच असते आणि भुकटीतले फायटेट हे वनस्पतींत आढळणारे संयुग ते आणखी थोडे अडवते. १०० मिलिग्रॅम कॅल्शियम अर्ध्या कप गाईच्या दुधातही मिळते. प्रथिनांसाठी ३० ग्रॅम तूरडाळीचे वरण केले तर साडेसहा ग्रॅमच्या आसपास मिळतात आणि त्या वरणावर कोणीही ‘सुपरफूड’ म्हणून छापत नाही.

जीवनसत्त्व कच्या बाबतीत तर पाकिटाने हातचलाखीच केली आहे. संत्र्याच्या सातपट हा दावा आहे ताज्या पानांचा. हे जीवनसत्त्व वाळवण्यात टिकत नाही. शेवग्याच्या भुकटीचे जे आकडे जगभर दिले जातात, त्यांत ते १०० ग्रॅममागे १७ मिलिग्रॅमच्या घरात असते, म्हणजे दोन चमच्यांत एक मिलिग्रॅमही भरत नाही. आमटीवर अर्धे लिंबू पिळले तरी याच्या कितीतरी पट जीवनसत्त्व क पोटात जाते. ताज्या पानाचा आकडा वाळलेल्या पानाच्या बरणीवर छापणे याला अनवधान म्हणावे की हुशारी, हे ज्याचे त्याने ठरवावे.

ही पटींची भाषा आली कुठून, तेही पाहण्यासारखे आहे. १९९० च्या दशकाच्या अखेरीस पश्चिम आफ्रिकेतल्या सेनेगलमध्ये लोवेल फ्युगली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुपोषित मुले, गर्भवती आणि स्तनदा माता यांच्यासाठी शेवग्याच्या पानांच्या भुकटीचा कार्यक्रम राबवला. कोरड्या हंगामात तिथे दूध, फळे आणि भाज्या यांची वानवा असते, आणि नेमक्या त्याच दिवसांत शेवग्याला पाला असतो. अशा गावात आरोग्यसेविकेला सांगायचे असते ते एवढेच, की जे तुमच्याकडे नाही ते या झाडात आहे. त्या कामासाठी संत्रे, गाजर, दूध, केळे यांच्याशी केलेली तुलना समर्पक होती. तीच तुलना पुण्या-मुंबईतल्या, रोज दूध पिणाऱ्या आणि फळे खाणाऱ्या माणसाला विकण्यासाठी वापरली की तिचा अर्थच पालटतो. पुढे क्यूबात फिडेल कॅस्ट्रो यांनी शेवग्याची तरफदारी केली आणि आपल्याकडे सप्टेंबर २०२० मधल्या ‘फिट इंडिया’ संवादात पंतप्रधानांनी शेवग्याच्या पराठ्याचा उल्लेख केला. इतक्या दूरच्या राजकीय टोकांचे एकमत ज्यावर व्हावे, अशी भाजी दुसरी नसेल. एकूण काय, तर शेवग्याला आता चांगलेच हरभऱ्याच्या झाडावर चढवून ठेवले आहे.

आजारांवरच्या दाव्यांकडे वळू. तीनशे रोगांवर गुणकारी हे वाक्य समाजमाध्यमांवर फिरते, तसे ते काही पाकिटांच्या मागच्या बाजूलाही आडवळणाने डोकावते. कोणत्याही खाद्यपदार्थाच्या वेष्टनावर तो रोग बरा करतो असा दावा करायला आपल्या अन्नसुरक्षा कायद्याची परवानगी नाही, एवढे ग्राहकाने लक्षात ठेवले तरी पुरे. आयुर्वेदात शिग्रु म्हणून शेवग्याला जुने स्थान आहे; तो उष्ण, कफ-वातहर मानला जातो आणि आपल्या घरांतूनही शेवगा उष्ण पडतो असे म्हणतच तो खाल्ला जातो. आधुनिक चाचण्यांकडे पाहिले तर रक्तातली साखर थोडी उतरणे, काही स्त्रियांत हिमोग्लोबिन सुधारणे असे निष्कर्ष भारतातल्या काही प्रयोगांतून आले आहेत. पण ते प्रयोग थोड्या माणसांवर आणि थोड्या काळापुरते झालेले आहेत, आणि त्यांत दिवसाला ७ ते ८ ग्रॅम भुकटी दिलेली आहे. त्यांच्या आधारे मधुमेहाची गोळी बंद करून भुकटी सुरू करणे हा धोका आहे. क्वेर्सेटिन आणि क्लोरोजेनिक आम्ल यांसारखी ऑक्सिडीकरण रोखणारी द्रव्ये शेवग्यात आहेत हे खरे, पण ती कांद्यात आणि कॉफीतही आहेत. बी-१२ हे जीवनसत्त्व शेवग्याच्या पानांत नसतेच. शाकाहारी माणसाने पाकिटावरच्या ‘संपूर्ण पोषण’ या शब्दांवर विसंबून बी-१२ ची तपासणी टाळू नये.

कॅप्सूलबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. एका कॅप्सूलमध्ये ५०० मिलिग्रॅम भुकटी असते आणि दिवसाला दोन घ्यायच्या, म्हणजे एक ग्रॅम. त्यातून २० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि पाव मिलिग्रॅमच्या थोडे वर लोह मिळते. साठ कॅप्सूलच्या, म्हणजे ३० ग्रॅम भुकटीच्या, बाटलीला मी साडेतीनशे रुपये मोजले. एका ग्रॅमला जवळजवळ बारा रुपये पडले. शेवग्याच्या चहाच्या पिशव्याही मिळतात. चवीला तो चहा बरा लागतो, परंतु प्रथिने, तंतू आणि बराचसा कॅल्शियम पिशवीतल्या पाल्यातच राहतो आणि पिशवी आपण फेकून देतो.

सुरक्षिततेचा मुद्दा मात्र थोडा सविस्तर मांडायला हवा, कारण त्याबद्दल पाकिटे मौन बाळगतात. वाळवलेला पाला निर्जंतुक नसतो. धुण्याचे पाणी, वाळवण्याची जागा आणि दळण्याचे यंत्र यांत कुठेही अस्वच्छता राहिली तर जंतू भुकटीत तसेच टिकून राहतात. २०२५ मध्ये अमेरिकेत साल्मोनेला या पोट बिघडवणाऱ्या जंतूच्या संसर्गाचा माग काढताना तो शेवग्याच्या पानांच्या भुकटीपर्यंत पोहोचला आणि ती भुकटी असलेली उत्पादने बाजारातून परत घेतली गेली. तिकडे ही भुकटी थंड पेयात किंवा स्मूदीत कच्चीच घातली जाते. आपल्याकडेही आता सकाळी कोमट पाण्यात ढवळून पिण्याची टूम आली आहे. माझ्या मते या भुकटीची जागा पातेल्यात, उकळत्या आमटीत आहे. तिथे जंतूंची भीती कमी होते आणि फोडणीच्या तेलामुळे कॅरोटीनही चांगले शोषले जाते.

ज्यांची औषधे चालू आहेत त्यांनी विशेष जपायला हवे. हिरव्या पानांत जीवनसत्त्व के भरपूर असते. रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉर्फरिन घेणाऱ्यांनी अशी भुकटी एकाएकी सुरू करणे किंवा बंद करणे योग्य नाही, कारण त्या औषधाचा डोस आहारातल्या जीवनसत्त्व केशी जुळवलेला असतो. मधुमेहाची, रक्तदाबाची किंवा थायरॉइडची औषधे घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारूनच चमच्याचे माप ठरवावे. मूतखड्याचा त्रास असलेल्यांनीही विचारावे. गरोदरपणात शेवग्याच्या पाल्याची भाजी आपल्याकडे घरोघरी खाल्ली जाते. मुळाच्या सालीची गोष्ट वेगळी आहे. तिच्यात हानिकारक अल्कलॉइड असतात आणि गरोदरपणात ती पूर्णपणे वर्ज्य आहे. संपूर्ण झाडाचा अर्क असे लिहिलेला माल म्हणूनच मी घरात आणणार नाही. आणि उपाशीपोटी दोन-तीन मोठे चमचे भुकटी घेतली तर पोट ढाळते, हे सांगायला कोणत्याही चाचणीची गरज नाही.

स्वयंपाकात भुकटी कशी वागते ते आता सांगतो. पोळीच्या कणकेत घातली तर पोळी हिरवी आणि किंचित कडसर होते. मुले पहिल्या घासालाच ताट सरकवतात. ज्वारीच्या भाकरीत ती बरी मिसळते, कारण ज्वारीची स्वतःची चव खमकी असते. थालीपिठाच्या भाजणीत वाटीला एक चमचा घातली, वर कांदा, कोथिंबीर आणि तीळ असले, तर वेगळी जाणवतही नाही. ताकात घातली तर गुठळ्या होतात आणि घोट घशाला चिकटतो. सर्वांत चांगली लागली ती कोरड्या चटणीत: शेंगदाण्याचे कूट, भाजलेले तीळ, लसूण, लाल तिखट, मीठ आणि चवीपुरती आमचूर यांत चौथा हिस्सा भुकटी घालून खलबत्त्यात कुटली, की तिचा उग्रपणा लसणात जिरतो आणि शेंगदाण्याच्या तेलाने तिचा कोरडेपणा जातो. बचत गटाच्या पाकिटाची चटणी घरात आठवडाभरही टिकली नाही. बरणीतल्या भुकटीची केली तेव्हा रंग मातकट आला आणि चव कुटाचीच लागली.

या सगळ्याच्या शेजारी ताजा पाला ठेवून पाहायलाच हवा. पन्नास ग्रॅम निवडलेल्या पानांची भाजी म्हणजे शिजल्यावर जेमतेम अर्धी वाटी. तेवढ्यात तीन ग्रॅमच्या वर प्रथिने, दीडशे मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम, सव्वादोन मिलिग्रॅम लोह आणि चार ग्रॅम तंतू असतात. शिजवताना काही भाग गेला तरी जीवनसत्त्व कदेखील मोजण्याइतके उरते आणि तेलावर परतलेल्या पानांतले कॅरोटीन दिवसाच्या जीवनसत्त्व अच्या गरजेचा मोठा भाग उचलते. भुकटीचे दोन चमचे, उत्पादकाचे आकडे धरले तरी, कॅल्शियम आणि लोहात याच्या दोन-तृतीयांशाच्या आतच राहतात आणि प्रथिने व तंतूंत निम्म्यालाही पोहोचत नाहीत. कोकणात, विशेषतः सिंधुदुर्गात, गोकुळाष्टमीला शेगलाची भाजी, आंबोळ्या आणि काळ्या वाटाण्याचे सांबार हा बेत ठरलेला असतो. शेगल म्हणजे हाच शेवग्याचा पाला. भिजवलेली मूगडाळ, हिरवी मिरची, कांदा आणि वरून भरपूर ओले खोबरे घातलेल्या त्या भाजीत डाळीची प्रथिने आणि खोबऱ्याचा स्निग्धांश आपसूक जमून येतो. देशावर याच पाल्याची पीठ पेरून भाजी करतात आणि तीही भाकरीबरोबर तितकीच खमंग लागते. पाला निवडण्याचा कंटाळा हीच अनेकांची खरी अडचण असते. त्यावर जुना उपाय आहे: डहाळ्या रात्री सुती कापडात घट्ट गुंडाळून ठेवाव्यात, सकाळी झटकल्या की पाने आपोआप गळून कापडात जमा होतात आणि काड्या हातात राहतात.

शेंगांबद्दल एक गैरसमज मात्र दूर करायला हवा, कारण पाकिटावरचे आकडे वाचून लोक आमटीतल्या शेंगांनाही तेच पुण्य लावतात. शेवग्याच्या शेंगेत १०० ग्रॅममागे प्रथिने दोन-अडीच ग्रॅम आणि कॅल्शियम ३० मिलिग्रॅमच्या घरात असते. जीवनसत्त्व क आणि तंतू मात्र चांगले असतात. शेंग खावी ती तिच्या गरासाठी आणि आमटीला येणाऱ्या स्वादासाठी. पोषणाचा मुख्य साठा पानात आहे. तामिळनाडू कृषी विद्यापीठाच्या पेरियाकुलम येथील केंद्राची पीकेएम-१ आणि दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची कोकण रुचिरा या जाती आपल्या शेतकऱ्यांनी प्रामुख्याने शेंगांसाठीच लावल्या, आणि शेंगांचे भाव पडले की ज्याची छाटणी करून बांधावर टाकले जाते तो पाला हाच खरा पौष्टिक भाग आहे. बचत गटांनी हा पाला उचलून, सावलीत वाळवून विकणे हा उत्तम उद्योग आहे आणि त्यासाठी पालकाशी खोटी शर्यत लावण्याची गरज नाही.

मग भुकटी घ्यावी कोणी? ज्यांना ताजा पाला मिळत नाही त्यांनी. परदेशातल्या मराठी घरांना भारतीय दुकानांत गोठवलेल्या शेंगा मिळतात, पण पाला सहसा मिळत नाही. त्यांना चांगली भुकटी उपयोगी पडेल. ज्या वृद्धांना पालेभाजीचा चोथा चावत नाही, त्यांच्या वरणात, सारात किंवा मऊ खिचडीत रोज एक-दोन चमचे घालणेही सोयीचे आहे. गावात किंवा उपनगरात राहणाऱ्याने मात्र आधी शेजारीपाजारी नजर टाकावी. शेवग्याची फांदी जमिनीत खोवली तरी जगते, झाड कंबरेएवढ्या उंचीवर छाटत राहिले तर पाला हाताशी येतो, आणि बाजारात पाल्याची जुडी दहा-पंधरा रुपयांना मिळते.

तिन्ही वस्तूंपैकी मी पुन्हा घेईन ते बचत गटाचे पाकीट. १०० ग्रॅमला १२० रुपये, काड्यांचा थोडा दोष धरूनही, रास्त आहेत. ३२० रुपयांची बरणी घेणार नाही, आणि कॅप्सूल तर कोणी भेट दिल्या तरच. घेताना पाकीट अपारदर्शक आहे का, घटकांत शेवग्याच्या पानांखेरीज दुसरे काही मिसळले आहे का, अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा १४ अंकी परवाना क्रमांक छापला आहे का, एवढे पाहावे. ‘वापरण्याची मुदत २४ महिने’ या ओळीवर समाधान न मानता भरल्याची तारीख शोधावी आणि ती सहा महिन्यांहून जुनी असेल तर पाकीट परत फळीवर ठेवावे. फोडलेले पाकीट हवाबंद डब्यात, ओट्यापासून दूर, अंधाऱ्या फडताळात ठेवून दोन-तीन महिन्यांत संपवावे.